सहावी तार

५ फेब्रुवारी

वहिनी,

हे पाकीट आधी दादा उघडणार, हे गृहीत धरूनच लिहिते आहे. दादा, वाचून झालं की पत्र तिच्या हातात दे. नेहमीसारखं "अगं, ती काहीतरी म्हणतेय" एवढ्यावर उरकू नकोस. गेली अकरा वर्षं आम्ही दोघी तुझ्या तोंडून बोलतो आहोत आणि प्रत्येक वेळी तू निम्मं गाळतोस.

कामाचं बोलते. तुझ्याकडे एक डबी आहे. पत्र्याची, गोल, खोकल्याच्या गोळ्यांची. तिच्यात कापसावर आपल्या स्फटिकाचा अर्धा तुकडा आहे. प्रयोगशाळा सोडलीस त्या दिवशी तू सरांना विचारून तो नेला होतास. तो मला तीन आठवड्यांसाठी हवा आहे.

कारण असं. २८ तारखेला समिती येते आहे. आमचा चुंबक नऊ टेस्लाचा, तुझ्या वेळचाच. मी त्याच्या दुप्पट ताकदीचा मागितला आहे. तो मिळाला तर ही प्रयोगशाळा राहील. नाही मिळाला तर आम्ही सहा जण शेजारच्या विभागात टेबलं मांडून बसू आणि ह्या खोलीत कपाटं ठेवतील. आमचा सगळा अर्ज एका आलेखावर उभा आहे. कुठला ते तुला सांगायला नको.

दादाला मात्र सांगायला हवं, नाहीतर तो मधेच पत्र ठेवून चहा करायला जाईल. दादा, साधारण धातूतून वीज जात असताना जवळ चुंबक आणला तर विजेची वाट थोडी अडते, म्हणजे रोध वाढतो. आमच्या स्फटिकाला टोपोलॉजिकल अर्धधातू म्हणतात. त्यात चुंबक आडवा लावला तर रोध हजारपट वाढतो. पण तोच चुंबक विजेच्या दिशेने लावला, दोघांचं तोंड एकीकडे, तर उलट व्हावं असं गणित सांगतं. आतले इलेक्ट्रॉन दोन जातींचे, डावखुरे आणि उजवे. चुंबक त्यांना एका जातीतून दुसरीत ढकलतो, वाट मोकळी होते आणि रोध उतरतो. तो उतार आम्ही मोजला. चाळीस टक्के. मी आणि सर. लोक अजून तो आलेख वर्गात दाखवतात.

आता समितीच्या अध्यक्षबाईंनी लिहिलं आहे, की अशा आलेखांबद्दल अलीकडे शंका घेतल्या जातात. तारा कुठे चिकटवल्या त्यावरून खोटा उतार दिसू शकतो. तेव्हा मूळ स्फटिकाचे दोन्ही अर्धे मोजून दाखवावेत.

दाखवते की. मी कुठे घाबरते? तुझ्या अर्ध्यात उतार दिसला नव्हता, त्याचं कारण मला तेव्हाही माहीत होतं आणि आजही माहीत आहे. माझ्या अर्ध्यावर तर कडेच्या जोडीबरोबर मधल्या ओळीतही तारांची एक जोडी होती, म्हणजे पडताळा घ्यायची तयारी पुरेपूर होती. एकूण सहा तारांपैकी त्या जोडीतली शेवटची, सहावी, तुटलेली निघाली, तो नशिबाचा भाग. वहीत लिहिलेलं आहे.

आईचं कानातलं मशीन पुन्हा शिट्टी मारतं आहे. तुझ्या दुकानात दुरुस्तीला म्हणून ह्याच पाकिटात घातलं आहे. डबी त्याच्याबरोबरच पाठव.

तुझी नणंद


११ फेब्रुवारी

वहिनी,

पाकीट मिळालं. मशीनही आलं, डबीही आली. चिठ्ठी नाही, फक्त तुझ्या दुकानाचा छापील कागद. "दोष: पडद्यावर मळ. उपाय: साफ केले. सूचना: मशीन लावून डोके धुऊ नये." आईने तो कागद तीनदा वाचला आणि म्हणाली, "मी कधी धुतलं?" मग म्हणाली, "परवा धुतलं."

मशीन घातल्याबरोबर तिने मला विचारलं, "ह्या पोरीने तुला काही लिहिलंय का?"

मी म्हटलं, "नाही."

"मग तू लिहिलंयस?"

"कामापुरतं."

"तुमचं आपलं बरंय," ती म्हणाली. "मला ऐकू येत नाही म्हणून मी मशीन लावते. तुम्हाला दोघींना सगळं ऐकू येतं आणि बोलणं पोस्टाने."

मग ती मशीन काढून भाजी निवडत बसली. आईला ऐकू येत नाही असं मला अलीकडे वाटतच नाही. तिला हवं तेवढं येतं.

डबी उघडली. कापूस तू बदललेला दिसतोय. अकरा वर्षांचा कापूस एवढा पांढरा राहत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा ठेवला आणि खरं सांगते, जरा वेळ नुसती बघत राहिले. तू लावलेली चांदीची पेस्ट जशीच्या तशी आहे. दोन्ही टोकं काठापासून काठापर्यंत झाकलेली, कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ. सोन्याच्या सहाही तारा जागच्या जागी, केसाच्या निम्म्याहून बारीक, आणि एकही वाकडी नाही. सर तुला सोनारीण म्हणायचे ते काही उगीच नाही.

पण सुबक वेगळं आणि बरोबर वेगळं. टोकाला एवढी पेस्ट फासायची गरज नसते, एक ठिपका पुरतो, असं मी तेव्हाही म्हणत होते. द्रव हेलियम मंगळवारी येईल. मग बघू.

सहाव्या तारेबद्दल एक. मागच्या पत्रात लिहिलं ते तुला खटकलं असेल तर, तार खरोखरच तुटलेली होती. थंडीत आकसून अशा तारा तुटतात. सगळ्यांच्याच तुटतात.

तुझी नणंद


१५ फेब्रुवारी

वहिनी,

तुझा तुकडा तुझ्याच तारांसकट मोजला. दोन केल्व्हिन तापमान, क्षेत्र शून्यापासून नऊ टेस्लापर्यंत, विजेच्या दिशेने. सकाळी नऊला सुरू केलं, जेवायच्या सुट्टीपर्यंत झालं.

उतार नाही. रोध किंचित वाढतो आणि मग सपाट रेघ. कडेची जोडी जे सांगते तेच मधली जोडी सांगते. अगदी तुझ्या वहीतल्यासारखं, बिंदूला बिंदू.

हे अपेक्षितच होतं. दोष टोकांच्या पेस्टमध्ये आहे असं माझं म्हणणं होतं. एवढी पेस्ट लावली की ती स्फटिकाशी काहीतरी करते आणि खरा उतार झाकला जातो. उद्या ती सगळी काढून त्या जागी माझे ठिपके लावते. तुझं काम पुसताना वाईट वाटेल, पण फोटो काढून ठेवले आहेत.

बाकी, आज तो तुकडा मापनाच्या लांब दांडीला लावून हेलियमच्या टाकीत खाली सोडताना त्या सोमवारची बैठक आठवली. सर टेबलाच्या टोकाला, मी त्यांच्या उजव्या हाताला, तू खिडकीपाशी. तू म्हणालीस, "दोन्ही टोकं पूर्ण झाकली की उतार जातो. मग तो उतार स्फटिकाचा की ठिपक्याचा?" सर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "सर, तिचा हात अजून बसलेला नाही."

तू भांडली असतीस तर बरं झालं असतं. तू चिमटा पुसलास, डबीत ठेवलास आणि डबी बंद केलीस. शोधनिबंधावरून नाव काढून घेतलंस. दोन महिन्यांनी लग्न होऊन आमच्याच घरात आलीस. मैत्रीण होतीस ती वहिनी झालीस आणि बढती मिळाल्यासारखं माझ्याशी बोलणं बंद केलंस.

मी आईला म्हटलं होतं, राग निवळेल. आई म्हणाली होती, "तिला राग आलेला नाही. राग आलेलं माणूस ताटल्या आपटतं. ही सगळ्या ताटल्या अलगद ठेवते."

नणंद


१७ फेब्रुवारी

वहिनी,

उतरला!

तुझाच तुकडा, माझे ठिपके. टोकाच्या मध्यावर एकेक, टाचणीच्या डोक्याहूनही लहान. काल दिवसभर लावले, आज मोजलं. कडेच्या जोडीवर रोध अडतीस टक्क्यांनी उतरला. म्हणजे स्फटिक उत्तम होता. दोष टोकांत होता, हे माझं म्हणणं शब्दन् शब्द खरं ठरलं. माझ्या हाताखालच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या, खोटं कशाला बोलू?

ह्या वेळी मधल्या ओळीत तारा लावल्या नाहीत. वेळ नव्हता.

मी दादाला फोन करून सांगितलं. त्याला वाटलं आईला काही झालं. मग म्हणाला, "थांब, मला समजू दे. ठिपक्यातून वीज सोडलीस तर उतरतो, आणि सगळ्या टोकातून सोडलीस तर नाही उतरत?"

"हो."

"आणि मापायच्या तारा कडेला?"

"हो."

"मग हे आमच्याकडे पहिल्या वर्षी शिकवतात," दादा म्हणाला. "रुंद हौदात मधोमध एका बारीक तोटीने पाणी जोरात सोडलं, की ते मधूनच बाणासारखं जातं. कडेला लावलेला दाबमापक काय दाखवणार? शून्य! म्हणून काय हौद मोकळा झाला? नवीन माणूस तिथेच फसतो. आम्ही त्याला विचारतो, बाबा रे, दाबमापक कुठे लावलास?"

मी म्हटलं, "वीज म्हणजे पाणी नव्हे."

तो म्हणाला, "नसेल. मी आपला पाणीखात्यातला माणूस." आणि फोन ठेवायच्या आधी म्हणाला, "ही हसतेय इकडे."

तू हसत होतीस?

आता एकच गोष्ट करायची राहिली. माझ्या अर्ध्यावर तुझ्यासारखी टोकं करायची आणि मोजायचं. अध्यक्षबाई विचारतील म्हणून, फक्त तेवढ्यासाठी. मंगळवारी नवीन हेलियम येईल.

नणंद


२१ फेब्रुवारी

वहिनी,

माझ्या अर्ध्याची दोन्ही टोकं पूर्ण झाकली. तीनदा करावं लागलं. तू हे एका दमात कसं करायचीस कोण जाणे. पेस्ट ओघळते, तार बुडते, ती वाळेपर्यंत श्वास रोखून बसावं लागतं.

मोजलं.

उतार नाही. सपाट रेघ, किंचित चढ. तुझीच रेघ.

आज एवढंच.


२२ फेब्रुवारी

वहिनी,

काल अर्धवट पत्र टाकलं, आज पुरं करते. दादा, हे पत्र तू वाचू नकोस. खरंच नको. हे तिचं आहे.

काय झालं ते तुला माहीत आहे, तरी मला ते माझ्या अक्षरात लिहायचं आहे. चुंबक जोरात असला की ह्या स्फटिकात विजेला आडवं सरकणं फार अवघड होतं. ठिपक्यातून आत सोडली तर ती पसरतच नाही, मधल्या मध्ये बारीक धार होऊन ह्या ठिपक्यापासून त्या ठिपक्यापर्यंत जाते. कडेच्या तारा त्या धारेच्या बाहेर कोरड्या उभ्या असतात. त्यांच्यापर्यंत दाब पोचत नाही. आम्ही म्हणालो, बघा, रोध उतरला! रोध होता तिथेच होता. आम्ही चुकीच्या जागी उभे राहून बघत होतो. दादाचा नवीन माणूस तो मीच.

एवढी चूक कुणाचीही होईल. तिचं मला फारसं काही वाटत नाही. चूक मोजता येते, दुरुस्त करता येते, त्यावर नवा निबंध लिहिता येतो. आणखी एक गोष्ट आहे, ती चूक नाही.

सहावी तार तुटलेली नव्हती.

मधली जोडी त्या दिवशी व्यवस्थित चालू होती. कडेची जोडी उतार दाखवत होती आणि मधली चढ. त्याच क्षणी, त्याच स्फटिकात. धार मधल्या तारांच्या खालून जात होती, त्यामुळे त्यांना सगळं जास्त दिसत होतं. दोन जोड्या दोन गोष्टी सांगतात म्हणजे वीज पसरलेली नाही, हे ओळखायला सोनारीण असण्याची गरज नव्हती. मला ते पाच मिनिटांत कळलं. कळलं, आणि मी मनात म्हटलं, सहावी तार ढिली असेल.

म्हणून दांडीच्या डोक्याशी मीटर लावून बघितला. तार शाबूत असली की तो वाजतो.

वाजला.

मी मीटर बंद केला, वही उघडली आणि लिहिलं, "सहावी: तुटलेली." ते अक्षर आज समोर आहे. चांगलं ठसठशीत आहे. आणि त्याच आठवड्यात मी सगळ्यांसमोर म्हटलं, की तुझा हात बसलेला नाही.

कारणं देऊ शकते. सर निवृत्त व्हायला तीन आठवडे होते आणि आयुष्यभरात त्यांच्या नावावर गाजलेला असा एकही आलेख नव्हता. गणित आमच्या बाजूचं होतं. आणि तो उतार इतका देखणा होता! पण सर आता नाहीत, आणि मी सरांच्या आड उभी राहिले तर ते कोरडी उभी राहण्याची आणखी एक जागा शोधल्यासारखं होईल.

तू गेल्यावर माझ्या हाताखाली एकोणीस मुलं शिकली. सगळ्यांना मी पहिल्या दिवशी सांगते, वहीत जे दिसलं तेच लिहायचं.

दुरुस्तीचा मसुदा सोबत आहे, नियतकालिकाला पाठवण्यासाठी. तुझं अकरा वर्षांपूर्वीचं मापन त्यात पहिली आकृती म्हणून घातलं आहे आणि तुझं नाव पहिलं. लेखकांच्या सह्या लागतात. तुझी लागेल.

समितीच्या आधी नाही आली तरी चालेल. तिथे काय दाखवायचं ते मी ठरवलं आहे. अर्ज मागे घ्यावा असं एकदा मनात आलं, पण मग वाटलं, ह्या खोलीत सगळ्यांसमोर बोललेलं ह्याच खोलीत सगळ्यांसमोर निस्तरायला हवं.

जी काही आहे ती


२८ फेब्रुवारी

वहिनी,

समिती येऊन गेली. पाच जण होते. पैकी एक जण सतत घड्याळ बघत होते आणि एकांना चहा गार लागला.

मी चार आलेख शेजारी शेजारी लावले. तुझा अर्धा, माझा अर्धा. टोकं झाकलेली, टोकांवर ठिपके. पाचवा त्या जुन्या वहीतून, मधल्या जोडीचा, जो कधी कुणाला दाखवला नव्हता. म्हटलं, "ज्या उतारावर मी अर्ज केला तो स्फटिकाचा नाही, माझ्या ठिपक्यांचा आहे."

घड्याळवाले प्रथमच माझ्याकडे बघायला लागले.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "हे सगळं तुमच्या लक्षात यायला अकरा वर्षं लागली?"

मी म्हटलं, "मापनाला चार दिवस लागले. बाकीचा वेळ माझा."

"आणि ही झाकलेली टोकं कुणाची कल्पना?"

"माझ्या वहिनीची," मी म्हणून गेले. मग सगळ्यांचे चेहरे बघून म्हटलं, "म्हणजे ती तेव्हा वहिनी नव्हती. इथली संशोधक होती. तिचा हात ह्या इमारतीतला सगळ्यात चांगला हात होता."

"मग आता मोठा चुंबक कशाला हवा तुम्हाला?"

ह्या प्रश्नाची मी वाटच बघत होते. म्हटलं, "खरा उतार कुठल्या ना कुठल्या स्फटिकात असणारच, गणित काही चुकलेलं नाही. आजवर ज्यांनी ज्यांनी तो दाखवला त्यांतला कुणाचा खरा आणि कुणाचा ठिपक्यांचा, हे कुणी तरी बसून चाळायला हवं. खोटा उतार कसा दिसतो हे माझ्याइतकं आतून कुणाला माहीत आहे?"

अध्यक्षबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी ते लिहून घेतलं.

निकाल सायंकाळीच कळवला. चुंबक यंदा नाही. प्रयोगशाळा एक वर्ष राहील. दुरुस्ती लेखकांच्या सह्यांनिशी छापून आली की पुन्हा अर्ज करावा.

घरी येऊन आईला सांगितलं. तिने मशीन नीट बसवलं आणि पहिल्यापासून सांगायला लावलं. सहाव्या तारेचंही सांगितलं. ती म्हणाली, "लहानपणी बरणी फोडलीस की तू मांजराचं नाव सांगायचीस. आपल्याकडे मांजर नव्हतं."

मग तिने माझ्या ताटात वाढलं आणि मी जेवले. पोटभर जेवले, वहिनी. नोकरी अधांतरी आहे, नाव जायचं ते जाईल, आणि मला भूक लागली होती.

सहीची वाट बघते आहे. घाई नाही असं लिहिणार होते, पण घाई आहे.


९ मार्च

सोनारीण,

पाकीट मिळालं. आधी आईचं बोलते, तिने दटावलं आहे म्हणून. तिचं मशीन बिघडलेलं नव्हतं, तरी तिने मला न सांगता तुझ्याकडे पाठवलं होतं, हे तुझ्या कागदावरून कळलं. "दोष: काही नाही. सूचना: सासूबाईंनी उगीच मशीन पाठवू नये, सरळ फोन करावा." तो कागद तिने उशीखाली ठेवला आहे.

आता दुसरा कागद. मसुद्याला टाचलेला, तुझ्या दुकानाचाच.

"दोष: पान दोन, ओळ सात. 'सहाव्या तारेचे मापन तांत्रिक कारणामुळे वगळले होते.' उपाय: तांत्रिक कारण नव्हते, तू होतीस. ते लिही, मग सही करते."

वाचून कान लाल झाले. तुला पत्रात सगळं कबूल केलं, समितीपुढे पाचवा आलेख लावला, आणि जिथे ते कायमचं छापून राहणार तिथे मी तो एक शब्द घालून ठेवला. खरं म्हणजे घातला हे मला आठवतही नाही. हात आपोआप गेला. त्या वहीत गेला होता तसाच. कान सोनारानेच टोचावेत म्हणतात ते ह्यासाठी.

आणि कागदाच्या मागच्या बाजूचं. ते मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. तू लिहितेस, अकरा वर्षांनी माझ्या जुन्या टोपणनावाने, "पंतोजी, मीटर वाजलेला मी ऐकला होता. मी शेजारच्या खोलीत पेस्ट ढवळत होते, दार उघडं होतं. दुसऱ्या दिवशी वही बघितली. मी बोलले असते तर तू पकडली गेली असतीस, आणि मला तुझ्या घरात नांदायचं होतं. म्हणून तुकडा जवळ ठेवला. दर वर्षी कापूस बदलायची. तुझ्या भावाला ह्यातलं काहीही सांगितलेलं नाही. त्याला वाटतं आपलं भांडण साडीवरून झालं."

साडीवरून! अकरा वर्षं त्याने साडीवर काढली?

म्हणजे बैठकीत मी तुझ्या हाताबद्दल बोलले, तेव्हा मी का बोलते आहे हे तुला कळत होतं. मी अकरा वर्षं समजत होते की मी तुझ्यापासून काहीतरी लपवून आहे. तू ते कापसात जपून ठेवलं होतंस.

ओळ बदलली. आता अशी आहे: "मधल्या जोडीचे मापन कडेच्या जोडीशी जुळत नव्हते, म्हणून पहिल्या लेखिकेच्या नणंदेने ते वगळले. सहावी तार शाबूत होती." नियतकालिकवाले "नणंद" काढतील आणि तिथे माझं नाव घालतील. घालू देत. तुझ्यासाठी एक प्रत तशीच ठेवली आहे.

ह्या मंगळवारी हेलियम येतं आहे. दुरुस्तीसाठी अध्यक्षबाईंना एक शेवटचं मापन हवं आहे, नव्या स्फटिकावर, टोकं पूर्ण झाकून, दोन्ही जोड्या लावून. माझ्या हातून पेस्ट ओघळते हे मी लिहिलंच आहे. तू दिवसभर लोकांच्या कानातल्या मशीनमध्ये ह्याहून बारीक तारा जोडतेस. एक दिवस दुकान बंद ठेव. तुझी जुनी खुर्ची आहे, अजून करकरते. तुझा चिमटा खणात आहे. मी तो कुणाला वापरू दिलेला नाही, का ते मलाही ठाऊक नव्हतं.

किती वाजता पोचशील ते दादाबरोबर सांगू नकोस, तो निम्मं गाळेल. मला सांग.

पाच तारा मी लावून ठेवते. सहावी तू लाव. मीटर मी धरते, आणि वाजला की वाजला असं लिहिते.

पंतोजी